लिंबाच्या कुळाची वंशावळ

हिवाळा सुरू झाला की रायपूरच्या बाजारातील फळांच्या गाड्यांचा रंग पालटतो. विदर्भातून संत्री येतात, मोसंबीचे ढीग लागतात, पंजाबकडचा किन्नो त्यांच्या शेजारी मांडला जातो. लिंबू तर बारा महिने असतेच. नागपूर येथून रेल्वेने सुमारे तीनशे किलोमीटरवर आहे, आणि दोन्ही प्रदेशांचा संबंध रेल्वेहून पुष्कळ जुना आहे. अठराव्या शतकाच्या मध्यापासून छत्तीसगड नागपूरकर भोसल्यांच्या सत्तेखाली होते. त्याच घराण्यातील दुसऱ्या रघूजींनी (१७७२ ते १८१६) औरंगाबादेहून, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरहून, संत्र्याची रोपे आणवून नागपुरात लावली असे परंपरेने सांगितले जाते. रायपुरातील काही मराठी घराणी त्या राजवटीबरोबरच इकडे आली. अशा घरांतून पिढ्यान्‌पिढ्यांची वंशावळ जपून ठेवलेली आढळते. गाडीवरच्या फळांना मात्र कोणी वंशावळ विचारीत नाही.

ती विचारली, तर उत्तर सोपे नाही. संत्रे, मोसंबी, लिंबू, नारिंग, जंबेरी, पपनस ही सारी एकमेकांची नातलग आहेत, हे कोणालाही पटते. पाने चुरगळली की येणारा वास, सालीतील तेलाच्या बारीक पिशव्या, रसाने भरलेल्या फोडी ही कुळाची खूण सर्वांच्या अंगी दिसते. पण त्यांपैकी आईबाप कोण आणि मुले कोण, या प्रश्नावर वनस्पतिशास्त्रज्ञांनी दोनशेहून अधिक वर्षे वाद घातला. त्यातील बराच भाग गेल्या काही दशकांत सुटला. सुटताना असे दिसून आले, की ज्यांना आपण स्वतंत्र जाती समजत होतो त्यांतील बहुतेक फळे संकरातून जन्मलेली आहेत. हा केवळ अभ्यासकांच्या कुतूहलाचा विषय नाही. विदर्भातील संत्र्याची बाग ज्या मुळांवर उभी असते, त्या मुळांचे भवितव्य या वंशावळीशी बांधलेले आहे.

नावांचा गुंता

कुळ ठरविण्यासाठी प्रथम नावांकडे पाहण्याचा मोह होतो. परंतु येथे नावे फारशी मदत करीत नाहीत. चरकसंहितेत मातुलुंग आणि नागरंग यांचे गुण सांगितले आहेत. मातुलुंग म्हणजेच आपले म्हाळुंग. कोल्हापूरच्या महालक्ष्मीच्या हातात हेच फळ आहे. त्याला संस्कृतात बीजपूर असेही नाव आहे आणि हिंदीतील बिजौरा हा शब्द त्यावरून आला. नारंग हा शब्द तर भारतातून इराणात, तेथून अरबांकडे, पुढे स्पेनमध्ये आणि अखेर इंग्रजीत ऑरेंज बनून गेला. मराठीने मात्र नारिंग हे नाव आंबट फळासाठी ठेवले आणि गोड फळांना संत्रे व मोसंबी अशी वेगळी नावे दिली.

सोळाव्या शतकात बाबराने आपल्या आत्मचरित्रात हिंदुस्थानातील फळांचे वर्णन करताना नारंज, लिमू, तुरंज, संगतरा, गलगल, जंबिरी अशी नावे दिली आहेत. संत्रा हा शब्द पोर्तुगालमधील सिंत्रा या गावावरून आला, अशी एक समजूत आहे. पण पोर्तुगीजांची जहाजे केरळच्या किनाऱ्याला लागली ती १४९८ मध्ये. त्यानंतर अवघ्या तीस वर्षांत उत्तर हिंदुस्थानात हे नाव रुळलेले असावे, हे संभवनीय वाटत नाही. बाबराचा तुरंज म्हणजे म्हाळुंग. आपल्या कोकणात मात्र तोरंजन हे नाव काही ठिकाणी पपनसाला आहे. नावाने घर बदलले, फळ तेच राहिले असे नाही.

अनुवादकाला या अडचणीचा अनुभव पदोपदी येतो. इंग्रजीत लाइम आणि लेमन ही दोन वेगळी फळे आहेत. मराठीत दोन्ही लिंबेच. आपण पोह्यांवर पिळतो ते पातळ सालीचे कागदी लिंबू म्हणजे त्यांचे लाइम होय. त्यांचे लेमन जाड सालीचे, टोकाला बोंडीसारखे पुढे आलेले असते. आपल्याकडे ईडलिंबू या एका नावाखाली गावोगावी निरनिराळी मोठी लिंबे ओळखली जातात. उलटपक्षी ऑरेंज या एका इंग्रजी शब्दात नारिंग, मोसंबी आणि पुष्कळदा संत्रे अशी तीन फळे सामावली जातात. म्हणून या प्रकरणात प्रत्येक फळाला त्याचे मराठी नाव दिले आहे, आणि जेथे नाव संदिग्ध आहे तेथे फळाचे वर्णन केले आहे.

सोळा की एकशे बासष्ट?

शास्त्रीय नावांनी तरी हा गुंता सुटावा, अशी अपेक्षा असते. झाले उलटेच. विसाव्या शतकात या कुळाचा सर्वांत सखोल अभ्यास दोघांनी केला: अमेरिकेचे वॉल्टर स्विंगल आणि जपानचे त्योझाबुरो तानाका. दोघांनीही आयुष्याची अनेक वर्षे या झाडांना दिली. स्विंगल यांच्या हिशेबाने सिट्रस या प्रजातीत १६ जाती होत्या. तानाका यांच्या अखेरच्या यादीत ही संख्या १६२ पर्यंत गेली. झाडे तीच, फळे तीच, आणि मोजणीत दहापट अंतर!

यात कोणाचा निष्काळजीपणा नव्हता. जाती कशाला म्हणावे, या प्रश्नाचे उत्तर येथे लागू पडत नव्हते. सामान्यतः दोन जातींमध्ये संकर होत नाही, झाला तर संतती वांझ असते, असे आपण शिकतो. लिंबाच्या कुळात मात्र पपनसाचे पराग संत्र्याच्या फुलाला लागले तर फळ धरते, बी रुजते आणि त्या बीपासून वाढलेले झाडही पुढे फळते. जवळजवळ सर्वांच्या पेशींत गुणसूत्रांच्या नऊच जोड्या असल्यामुळे त्यांचे एकमेकांशी जुळते. अशा कुळात दोन वेगळी दिसणारी झाडे म्हणजे दोन जाती, की एका जातीची दोन रूपे, की दोन जातींचे मूल, हे नुसत्या पानाफुलांवरून ठरविणे अशक्य होते. तानाका यांना स्थिर फरक दिसला की ते नवी जाती मानीत; स्विंगल यांना त्यातील पुष्कळशी झाडे संकरित वाटत. दोघांनाही सतावणारा प्रश्न एकच होता: संकरित झाड असेल, तर त्याची संतती इतकी एकसारखी कशी?

एका बीतील अनेक रोपे

या प्रश्नाचे उत्तर पाहायचे असल्यास प्रयोगशाळा लागत नाही. कागदी लिंबाच्या पाच-दहा बिया कुंडीत लावाव्या. त्यांतील काही बियांमधून एकाऐवजी दोन, क्वचित तीन रोपे वर येतात. १७१९ मध्ये डच संशोधक लेव्हेनहूक यांनी आपल्या सूक्ष्मदर्शकाखाली नारिंगवर्गीय फळाच्या एका बीमध्ये दोन गर्भ पाहिले होते. त्याचे कारण १८७८ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ स्ट्रासबुर्गर यांनी उलगडले.

साधारणतः बीमधील गर्भ आईचे बीजांड आणि बापाचा पराग यांच्या मीलनातून तयार होतो. या कुळातील अनेक झाडांत मात्र बीजांडाभोवतीच्या आवरणातील, म्हणजे आईच्याच शरीरातील, पेशी वाढू लागतात आणि त्यांचे गर्भ बनतात. या गर्भांना बाप नसतो. ते आईची हुबेहूब प्रतिकृती असतात, जणू बीच्या आत आपोआप बांधलेले कलमच. पुष्कळदा हे गर्भ इतके जोमदार असतात, की मीलनातून झालेला खरा गर्भ त्यांच्यात दबून जातो. विदर्भातील रोपवाटिकांत जंबेरीची रोपे तयार करताना वेगळ्या ठेवणीची, खुरटी किंवा अवास्तव वाढलेली रोपे उपटून टाकण्याची पद्धत आहे. अशी रोपे बहुधा त्या दबलेल्या, बाप असलेल्या गर्भाची असतात; उरलेली सारी एका आईच्या प्रतिमा असतात. पपनस आणि म्हाळुंग यांत हा प्रकार होत नाही. त्यांच्या एका बीत एकच गर्भ असतो. या गुणामागील जनुक चिनी संशोधकांनी २०१७ मध्ये दाखवून दिले.

आता वंशावळ का हरवली, हे ध्यानात येईल. आंब्याची कोय लावली तर मुलात आईबापांचे गुण नव्याने मिसळतात आणि झाड संकरित आहे हे पुढच्या पिढीत उघड होते. लिंबाच्या कुळात शेकडो वर्षांपूर्वी कोठे तरी दोन झाडांचा एकदाच संकर झाला, त्या मुलाला आपलीच प्रतिकृती बीमध्ये घालण्याचा गुण मिळाला, आणि मग ते झाड बीपासूनही जसेच्या तसे वाढू लागले. लोकांनी बिया दूरदेशी नेल्या, तेथेही तेच फळ आले. आईबापांशी त्याचा सहवास संपला. पाहणाऱ्याला ते झाड स्वतंत्र, स्थिर जाती वाटले तर त्यात नवल काय?

तीन मूळ घराणी

१९७५ व १९७६ मध्ये अमेरिकेत स्कोरा यांनी, आणि पाठोपाठ बॅरेट व ऱ्होड्स यांनी, एक धाडसी मत मांडले. त्यांच्या मते बाजारात दिसणाऱ्या या कुळातील फळांच्या मुळाशी तीनच खऱ्या जाती आहेत: म्हाळुंग, पपनस आणि संत्रे; बाकीची त्यांची मुले, नातवंडे किंवा भाचवंडे. पुढे त्यात पापेडा या रानटी गटाची भर पडली. या मताचा पडताळा डीएनएच्या वाचनाने आला. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात साठ प्रकारच्या झाडांचे संपूर्ण जनुकसंच तपासले गेले. त्यावरून या कुळात दहा मूळ जाती आढळल्या आणि कुळाचे आदिस्थान हिमालयाच्या आग्नेय पायथ्याशी, म्हणजे पूर्व आसाम, उत्तर म्यानमार आणि पश्चिम युनान या पट्ट्यात, असावे असे अनुमान निघाले. तेथून सुमारे साठ ते ऐंशी लक्ष वर्षांपूर्वी या जाती पांगल्या. म्हाळुंग त्याच परिसरात राहिले, पपनस आग्नेय आशियात वाढले, संत्र्याचे पूर्वज दक्षिण चीनमध्ये.

आई कोण आणि बाप कोण, हे डीएनएवरून कसे कळते? झाडाच्या पेशीत दोन ठिकाणी वारसा असतो. केंद्रकातील गुणसूत्रांचा निम्मा भाग आईकडून व निम्मा बापाकडून येतो. पानांना हिरवा रंग देणारी हरितलवके मात्र या कुळात केवळ आईकडूनच मिळतात; त्यांचाही स्वतःचा थोडा डीएनए असतो. केंद्रक वाचले की दोन्ही घराणी कळतात, हरितलवक वाचले की त्यांपैकी माहेर कोणते ते कळते.

कोण कोणाचे

या कसोटीवर नारिंगाचे उत्तर सर्वांत स्वच्छ निघाले. त्याच्या गुणसूत्रांच्या प्रत्येक जोडीत एक प्रत पपनसाची, दुसरी रानटी संत्र्याची आहे. हरितलवक पपनसाचे आहे. म्हणजे पपनस आई, संत्रे बाप, आणि नारिंग त्यांचे थेट अपत्य.

युरोपातील जाड सालीचे लिंबू त्याच्या पुढच्या पिढीचे: त्याची आई नारिंग आणि बाप म्हाळुंग. त्या लिंबाच्या अंगी तीनही मूळ घराण्यांचे रक्त आहे. आपल्या कागदी लिंबाचा बापही म्हाळुंगच. परंतु आई मायक्रान्था नावाचा पापेडा आहे, आणि तो पापेडा फिलिपाइन्सच्या दक्षिणेकडील बेटांवरचा. म्हाळुंग या साऱ्या संकरांत बापाच्याच जागी आढळते. त्याची फुले बहुधा उमलण्यापूर्वीच स्वतःच्या परागाने फलित होतात. त्यामुळे बाहेरच्या परागाला त्यांच्यात शिरकाव मिळत नाही, त्याचे पराग मात्र इतरांच्या फुलांवर सहज पोहोचतात.

जंबेरी आणि रंगपूर लाइम ही विदर्भातील बागाइतदारांच्या रोजच्या बोलण्यातील दोन नावे. दोन्ही आंबट, एकीची साल खडबडीत, दुसऱ्याचे फळ पिकल्यावर संत्र्यासारखे केशरी. संस्कृतातील जंबीर हे नाव शास्त्राने जंबेरीला सिट्रस जंभिरी म्हणून दिले. रंगपूर लाइमचे नाव आज बांगलादेशात असलेल्या रंगपूर गावावरून पडले. दिसायला लिंबासारखी असली, तरी या दोहोंत नारिंगाचा अंश नाही. दोन्ही संत्रे आणि म्हाळुंग यांची थेट मुले आहेत. मात्र दोघांचे जन्म वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या आईबापांपासून झाले.

मोसंबीची कथा अवघड आहे. २०१३ मध्ये चीनमधील संशोधकांनी मोसंबीवर्गीय गोड फळाचा जनुकसंच वाचला आणि असे सुचविले, की पपनस व संत्रे यांच्या मुलीचा पुन्हा संत्र्याशी संकर होऊन हे फळ झाले असावे. पुढच्याच वर्षी दुसऱ्या गटाने एक अडचण दाखविली. गुणसूत्रांच्या काही भागांत दोन्ही प्रती पपनसाच्याच आहेत. बाप शुद्ध संत्रे असता तर त्याच्याकडून पपनसाची प्रत येणे शक्यच नव्हते. म्हणून बापाच्या घराण्यातही पूर्वी केव्हा तरी पपनस मिसळले असले पाहिजे. आईच्या बाजूला पपनसाचे हरितलवक आहे, हे निश्चित. पण ती आई आणि तो बाप ही दोन्ही झाडे आज कोठेही सापडत नाहीत. एवढे मात्र नक्की, की मोसंबी, पंजाबातील माल्टा, आंध्रातील सातगुडी आणि ब्राझीलमधील रसाची फळे ही सारी एकाच मूळ रोपाच्या फांद्या आहेत. कलमे करताना एखाद्या डोळ्यात बदल झाला, तो कोणाच्या तरी नजरेस आला, आणि नवा वाण तयार झाला. मोसंबीच्या नावाचा संबंध मोझांबिकशी जोडतात. तिची वंशरेषा मात्र त्याआधीच ठरून गेली होती.

स्वतः संत्रेही सर्वस्वी शुद्ध राहिलेले नाही. जगभरच्या लागवडीतील बहुतेक संत्र्यांत पपनसाचा थोडाबहुत अंश आढळतो. रानटी संत्रे लहान आणि अतिशय आंबट असते. फळ मोठे होणे आणि आंबटपणा उतरणे या दोन्ही गोष्टींत या मिश्रणाचा वाटा आहे, असे अभ्यासक मानतात.

काही वेळा जन्माची नोंद असूनही बाप चुकला. अल्जीरियात मिसर्गिन येथील अनाथाश्रमाच्या बागेत ब्रदर क्लेमां यांच्या देखरेखीखाली एक नवे फळ निपजले. १९०२ मध्ये त्याला क्लेमेंटाइन असे नाव मिळाले आणि त्याचा बाप नारिंग असल्याचे सांगितले गेले. पुढे डीएनएने दाखविले, की बाप मोसंबीवर्गीय गोड फळ होते. आई भूमध्य समुद्राकाठचे विलो लीफ संत्रे. रायपूरच्या गाडीवरचा किन्नो या बाबतीत अपवाद आहे. १९१५ मध्ये कॅलिफोर्नियात एच. बी. फ्रॉस्ट यांनी किंग आणि विलो लीफ या दोन वाणांचा हेतुपुरस्सर संकर केला, आणि १९३५ मध्ये किन्नो प्रसारित झाला. त्याच्या आईबापांबद्दल शंका नाही. मात्र त्यातील किंग हा वाण स्वतःच पपनसाच्या मिश्रणाचा आहे; म्हणजे नोंदलेल्या वंशावळीच्या मागेही न नोंदलेली वंशावळ आहेच. विलो लीफच्या नात्याने आपला किन्नो आणि युरोपचे क्लेमेंटाइन ही सावत्र भावंडे ठरतात.

ग्रेपफ्रूटची गोष्ट आणखी बोलकी आहे. १७५० मध्ये ग्रिफिथ ह्यूज यांनी बार्बाडोस बेटावरील निषिद्ध फळाचे वर्णन केले. १८३० मध्ये त्याला स्वतंत्र जातीचे लॅटिन नाव मिळाले. वेस्ट इंडिजमध्ये या कुळाचे एकही झाड मुळात नव्हते. सारी बाहेरून नेलेली. पपनस व मोसंबीवर्गीय फळ एकमेकांशेजारी लावले गेले आणि नवे फळ जन्मले. शास्त्राने जिला जाती मानले, ती काही पिढ्यांपूर्वीची शेजारधर्मातून झालेली सोयरीक होती.

जे अजून कळलेले नाही

डीएनए घराणे सांगतो. लग्न कोठे आणि केव्हा लागले ते सांगत नाही. कागदी लिंबाची आई फिलिपाइन्सच्या बेटांवरची आणि बाप ईशान्य भारताकडचा. दोघांची गाठ कोठे पडली? समुद्रमार्गे व्यापाऱ्यांनी म्हाळुंग पूर्वेकडे नेले, की पापेडा पश्चिमेकडे आला? जंबेरी हिमालयाच्या पायथ्याशी जन्मली असणे स्वाभाविक वाटते. परंतु ज्या संत्र्यापासून ती झाली ते नेमके झाड ओळखता येत नाही. मोसंबीचे आईबाप तर नष्टच झाले असावेत. वंशावळीच्या वरच्या ओळी आता वाचता येतात, मधल्या ओळींवर अजून शाई सांडलेली आहे.

खुंटाचा प्रश्न

आता ही वंशावळ शेतकऱ्याला कशासाठी हवी, ते पाहू. नागपुरी संत्र्याचे झाड बहुधा एक झाड नसते; दोन झाडांचे जोडकाम असते. जंबेरीचे किंवा रंगपूर लाइमचे बी पेरून रोप वाढवितात, ते पेन्सिलीएवढे जाड झाले की त्यावर संत्र्याचा डोळा भरतात, आणि डोळा फुटला की वरचा जंबेरीचा भाग छाटून टाकतात. विदर्भात अशा कलमांना पन्हेरी म्हणतात. जमिनीवर संत्रे, जमिनीखाली जंबेरी. बाग वीस वर्षे टिकणार की आठव्या वर्षी वाळू लागणार, हे पुष्कळसे खालच्या खुंटावर अवलंबून असते.

खुंट सर्वत्र एकच ठेवण्याचे परिणाम दक्षिण अमेरिकेने भोगले आहेत. तेथील बागा नारिंगाच्या खुंटावर उभ्या होत्या, कारण बुंध्यातून डिंक गळण्याचा रोग नारिंगाला सहसा बाधत नाही. १९३० नंतरच्या दशकात माव्याबरोबर पसरणारा ट्रिस्टेझा हा विषाणू आला आणि नारिंगाच्या खुंटावरील लक्षावधी झाडे वाळली. ब्राझीलच्या बागाइतदारांनी मग रंगपूर लाइमचा आश्रय घेतला. त्याला ट्रिस्टेझा सहन होतो, पाण्याचा ताणही सोसतो. काही दशके निर्धास्त गेली. १९९९ मध्ये मिनास जेराइस प्रांतात याच खुंटावरील झाडे एकाएकी मरू लागली. त्या रोगाला आकस्मिक मृत्यू असेच नाव पडले. एका झाडाच्या प्रतिकृतींनी सारा प्रदेश व्यापला, की त्या झाडाचा दोष हा साऱ्या प्रदेशाचा दोष होतो. प्रतिकृती घडविणारी बी रोपवाटिकेच्या सोयीची असते, आणि तीच रोगाच्याही सोयीची असते.

विदर्भात जंबेरीचा अनुभव असाच दुहेरी आहे. ती झपाट्याने वाढते, झाडाला जोम देते, ट्रिस्टेझा सोसते. पण भारी काळ्या जमिनीत पाणी साचले की फायटोप्थोरा ही बुरशी तिच्या मुळांना आणि बुंध्याला धरते, डिंक्या दिसू लागतो, शेंडे वाळत जातात. रंगपूर लाइमही या बुरशीपुढे फार टिकत नाही. येथे वंशावळीचा उपयोग होतो. दोघेही म्हाळुंग आणि संत्रे यांची मुले असल्याने एक सोडून दुसरे लावणे म्हणजे घराणे न बदलता घरातील दुसऱ्याला जबाबदारी देणे होय. तथापि नात्यावरून सारेच ताडता येते असेही नाही. खुंटाची साल सोलवटणारा एक्सोकॉर्टिस हा रोग म्हाळुंगावर इतका ठळक उमटतो, की तपासणीसाठी म्हाळुंगाचेच रोप वापरतात. म्हाळुंगाच्या या दोन मुलांपैकी रंगपूर लाइमला तो बाधतो. जंबेरी तो सोसून नेते. घराणे कळले म्हणजे कोठे शोधावे ते कळते. निवड शेवटी शेतातच करावी लागते.

हे काम नागपुरात चालते. तेथील राष्ट्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन केंद्र १९८०-९० च्या दशकात सुरू झाले. आज ते केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था म्हणून ओळखले जाते. नव्या खुंटांची चाचणी, निरोगी कलमे आणि संकर या साऱ्यांची निकड एका नव्या संकटाने वाढविली आहे. सायला या चिमुकल्या किडीमार्फत पसरणारा ग्रीनिंग रोग झाडाच्या अन्नवाहिन्या कोंडतो. अमेरिकेतील फ्लोरिडात तो २००५ मध्ये आढळला. त्यापूर्वी, २००३-०४ च्या हंगामात, तेथे मोसंबीवर्गीय फळांच्या सुमारे २४ कोटी पेट्या निघाल्या होत्या. २०२२-२३ मध्ये दोन कोटीही भरल्या नाहीत. वादळांचाही त्यात भाग होता, पण मुख्य घाव या रोगाचा. मोसंबीच्या सर्व वाणांचे मूळ एकच रोप असल्यामुळे त्यांच्यापैकी एकही वाण त्याला समर्थपणे तोंड देऊ शकत नाही. सहनशक्ती दिसते ती दूरच्या नातलगांत: चीनमधील त्रिदली नारिंगात आणि ऑस्ट्रेलियाच्या रानटी लिंबांत. त्यांच्याशी नव्याने सोयरीक जुळविणे हाच एक मार्ग आता अनेक देशांत चोखाळला जात आहे.

रानातले भाऊबंद

दूरच्या नातलगांचे महत्त्व ध्यानात आले, म्हणजे मेघालयातील गारो टेकड्यांकडे पाहण्याची दृष्टी बदलते. तेथील नोक्रेकच्या जंगलात सिट्रस इंडिका हे रानटी फळ वाढते. गारो लोक त्याला मेमांग नारंग, म्हणजे भुतांचे नारिंग, म्हणतात. १९८० नंतरच्या दशकात तेथे लिंबूवर्गीय झाडांसाठी राष्ट्रीय जनुक अभयारण्य राखण्यात आले. या फळाला बाजारात किंमत नाही. उद्या लागणारा एखादा गुण अशाच झाडात असेल, एवढ्यासाठी ते रान राखले पाहिजे. कारण मोसंबीच्या आईबापांप्रमाणे तेही एकदा गेले, की कितीही डीएनए वाचून परत आणता येणार नाही.

छत्तीसगड हा धानाचा प्रदेश; संत्र्याच्या मोठ्या बागा येथे नाहीत. पण परसात विहिरीजवळ एखादे जुने लिंबाचे झाड पुष्कळ घरांत असते. कोणी लावले ते ठाऊक नसते, फळ नेहमीच्या लिंबासारखे नसते, साल जाड असते, कोणी त्याचे लोणचे घालते, कोणी औषधाला नेते. अशी झाडे घर बांधताना सहज तोडली जातात. ते एखाद्या जुन्या संकराचे शेवटचे मूल असू शकते. तोडण्यापूर्वी त्याच्या चार बिया रुजत घालाव्या. एका बीतून दोन रोपे वर आली, तर त्यांतील एक तरी त्या झाडाची प्रतिकृती असेल आणि झाड जगेल. प्रत्येक बीतून एकच रोप आले आणि रोपे परस्परांहून वेगळी दिसू लागली, तर बी पुरेशी नाही असे समजून त्याचा डोळा दुसऱ्या खुंटावर भरून ठेवावा.